पोळ्याची दुसरी पहाट

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. दोन मशिनी, एक ओव्हरलॉक, खिळ्यांना टांगलेल्या पिशव्या, आणि आरशाच्या बाजूला फळीवर पंधरावीस पुस्तकं. नवं गिऱ्हाईक आलं की आधी त्या फळीकडे बघतं. "हे कोन वाचते वं?" मी म्हणते, मीच. मग ते बाईमाणूस माझ्याकडे जरा जपून बघतं. पुस्तकं वाचणारीच्या हातून गळा खोल कापला जाईल की काय, अशी शंका असावी.

आमचं तिगाव म्हणजे पांढुर्णा तालुका. नागपूरहून इटारसीकडे जाणारी गाडी पांढुर्णा सोडते, आमच्याकडे येते आणि पुढे चिचोंड्याच्या घाटाला लागते. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके छिंदवाड्यातून वेगळे काढून नवा जिल्हाही झाला. कागद हिंदीत, भांडण मराठीत, असा आमचा कारभार. पुस्तकं मात्र नागपूरहून आणावी लागतात. सीताबर्डीला अस्तर, बटनं आणि पुस्तकं अशी तिन्ही खरेदी मी एकाच फेरीत उरकते.

वाचते तेव्हा एकटीच असते, पण बोलायला बाया असतात. काजं होईपर्यंत, फॉल लागेपर्यंत बसायचं असतं त्यांना. मी कादंबरीतली गोष्ट सांगते आणि त्या तिच्यातल्या माणसांना शेजाऱ्यासारखं सोलून काढतात. गोष्टीतलं माणूस असं का वागलं, त्यानं दुसरं काही करायला हवं होतं का, याचा खल कॉलेजात होतो तसा आमच्या दुकानातही होतो. आमच्याकडे फक्त परीक्षा नसते, म्हणून उत्तर एकाच दिवशी द्यावं लागत नाही.

सुरुवात झाली ती उद्धव शेळक्यांच्या 'धग'पासून. कादंबरी १९६० ची, भाषा वऱ्हाडी. पहिली पानं मी मोठ्यानं वाचून दाखवली तेव्हा एक काकू म्हणाली, "हे तं आपलंच बोलनं हाये, पुस्तकात कसं छापलं?" त्यातली कौतिक सासरचं गाव सोडून नवऱ्यापोरांसह माहेरच्या गावी बिऱ्हाड थाटते. नवरा महादेव शिंपीकाम करणारा. त्याच्यात उमेद नाही, तिच्यात रग आहे, आणि गरिबी दोघांनाही सोडत नाही.

दुकानात पहिल्याच दिवशी निकाल लागला: महादेव आळशी, कौतिक कष्टाळू. संपलं! मला ते पचेना, कारण मी त्याच धंद्यातली. गावच्या शिंप्याचं काम वर्षभर सारखं नसतं. पोळा, दिवाळी, लग्नसराई एवढ्या वेळेला मान वर करता येत नाही. मधले महिने मशिनीवर धूळ. त्या रिकाम्या महिन्यांत माणूस दारात बसतो. मग बसायची सवय लागते, आणि काम आलं तरी उठवत नाही. हे मी माझ्या सासऱ्यांमध्ये पाहिलं आहे. मी बायांना एवढंच विचारलं, की महादेव आळशी होता म्हणून काम गेलं, की काम नसायचं म्हणून आळशी झाला? एक जण म्हणाली, "मंग कौतिक काऊन नाही बसली?" प्रश्न बरोबर होता. तेच दिवस, तेच घर, तीच उपासमार. एक बसतो, एक शेतात मजुरीला जाते. परिस्थितीनं सगळं ठरत असतं तर दोघं सारखीच वागली असती.

पण मग कौतिकचंही उसवून पाहावं लागलं. माहेरच्या गावी जाण्यामागं तिला काय हवं होतं? पोरांना दोन घास, हे तर झालंच. पण आपण वेगळं राहून दाखवू, कुणाच्या शब्दाखाली राहणार नाही, हेही त्यात होतं की नाही? दोन्ही होतं, असं मला वाटतं. चांगल्या माणसाच्या हातून होणाऱ्या चांगल्या गोष्टीतही ताठा मिसळलेला असतो, आणि शेळक्यांनी तो निवडून बाजूला काढलेला नाही. म्हणून कौतिक खरी वाटते.

या गप्पांत एक अडचण येऊ लागली. प्रत्येक जण 'कारण' हा एकच शब्द वापरायची आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा असायचा. मराठीत यासाठी तीन शब्द आहेत आणि तिन्ही आमच्या बोलण्यात चालतात. कारण म्हणजे ज्यामुळे घडलं ते. हेतू म्हणजे माणसाला जे हवं होतं ते. आणि सबब म्हणजे तो जे तोंडानं सांगतो ते. "ताई, उद्या लग्नाला जायचं आहे, आजच झंपर द्या." ही झाली सबब. लग्न चार दिवसांनी असतं. हेतू असा, की शेजारणीच्या आधी आपलं शिवून झालं पाहिजे. आणि कारण? कारण मी गेल्या वेळी उशीर केला होता. गोष्टीतलं माणूस काही बोललं की मी आता आधी त्याला सबबीच्या पिशवीत टाकते. खरं निघालं तर काढून घेता येतं.

याची सगळ्यात चांगली तालीम वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'त होते. कादंबरी १९५९ ची, तिला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि पुढे १९७४ साली खांडेकरांना ज्ञानपीठ. ती एकच जण सांगत नाही. ययाति सांगतो, देवयानी सांगते, शर्मिष्ठा सांगते, प्रत्येक जण 'मी' म्हणून. तीन तोंडं, तीन सबबी, आणि वाचणाऱ्यानं मधल्या फटीतून हेतू बघायचा.

महाभारतातली मूळ ठिणगी तर माझ्या धंद्यातलीच आहे. मुली जलक्रीडेला उतरल्या, काठावरची वस्त्रं वाऱ्यानं एकमेकांत मिसळली, आणि दैत्यराजाची मुलगी शर्मिष्ठा चुकून गुरुकन्या देवयानीचं वस्त्र नेसली. त्यावरून भांडण, एकमेकींच्या बापांचा उद्धार, आणि शेवटी शर्मिष्ठेनं देवयानीला विहिरीत ढकललं. हे मी सांगितलं तेव्हा दुकानात हसू फुटलं, कारण त्याच महिन्यात माझ्याकडून दोन पिशव्यांची अदलाबदल झाली होती आणि दोन जावांनी एकमेकींशी बोलणं टाकलं होतं. कपडा हे निमित्त. जावांमध्ये आधीपासून एक एकर संत्र्याची बाग होती. देवयानी-शर्मिष्ठेमध्ये आधीपासून प्रश्न होता, की राजा मोठा की राजाचा गुरू मोठा? वस्त्र बदललं नसतं तर दुसरं काही निमित्त मिळालं असतं.

ढकलण्याच्या क्षणी शर्मिष्ठेला काय हवं होतं? मारायचं होतं, की फक्त ते बोलणं बंद करायचं होतं? यावर दोन दिवस गेले. एक नुकतीच लग्न होऊन आलेली मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, "ढकलल्यावर तिनं वाकून पाह्यलं का, ते सांगा." महाभारतातली शर्मिष्ठा तशीच घरी निघून जाते; देवयानीला बाहेर काढतो तो पाण्याच्या शोधात आलेला ययाति. त्या मुलीचा प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला. रागाच्या झटक्यात माणूस काय करतं, त्याचा हेतू धरता येत नाही. पण झटका गेल्यानंतरच्या पहिल्या घडीला ते काय करतं, तिथं त्याच्यापुढे दोन वाटा असतात.

ययातीच्या मुलाचं, पुरूचंही तसंच. बापाचं म्हातारपण अंगावर घेणारा मुलगा म्हणून त्याचं कौतुक होतं. महाभारतात त्याच्या आधी चार भावांनी नकार दिला आणि ययातीनं त्यांना शाप दिले. त्या चौघांची बाजू आमच्या दुकानाखेरीज कुणी घेतलेली मी ऐकली नाही. बापाचे भोग मी काऊन भोगू, असं विचारणं पाप आहे का? आणि सर्वांत धाकटा असून राज्य पुरूला मिळालं. हे त्याला आधी माहीत असतं, तर त्याग की सौदा? इरावती कर्व्यांचं 'युगान्त' वाचल्यापासून मला असले प्रश्न विचारायचं धाडस आलं. १९६७ चं ते पुस्तक. त्यात बाई भीष्मालासुद्धा सोडत नाहीत. त्याच्या प्रतिज्ञेची किंमत त्यानं स्वतः किती दिली आणि अंबा, गांधारी यांच्यासारख्या बायकांनी किती दिली, असा हिशेब मांडतात. त्यागी माणसाच्या त्यागाचं बिल कुणाच्या नावानं फाटलं, हे बघायचं मी तिथं शिकले.

गोष्टीतल्या माणसाचा न्याय करताना वाचणाऱ्याकडून होणारी सगळ्यात सोपी चूक मी 'नटसम्राट'च्या बाबतीत केली. कुसुमाग्रजांचं हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आलं, आप्पासाहेब बेलवलकर झाले होते श्रीराम लागू. निवृत्त झाल्यावर आप्पासाहेब होतं नव्हतं ते मुलामुलीला वाटून टाकतात आणि पुढे दोन्ही घरांतून बाहेर पडतात. मुलीच्या घरी तर पैसे चोरल्याचा आळ येतो. मी म्हणाले, मूर्ख म्हातारा. आमच्याकडे बटनं लावायला येणारी म्हातारी म्हणाली, "तुले शेवट माहीत हाये म्हनून तो मूर्ख. ज्या दिवशी वाटून देल्लं त्या दिवशी तुले कसा वाटला?" त्या दिवशी तो मला दिलदार वाटला होता, हे कबूल करावं लागलं. शेवट ठाऊक असलेल्या माणसानं न्याय करणं म्हणजे निकाल लागल्यावर पेपर सोडवणं. त्या माणसाला त्या दिवशी काय दिसत होतं तेवढंच त्याच्या पदरात टाकायचं. हे कळल्यावरही आप्पासाहेबांवरचा माझा राग पूर्ण गेला नाही. पोटच्या पोरांना पारखायचं नाही, हा त्यांचा मोठेपणा असेल. पण मोठेपणाच्या नादात त्यांनी बायकोच्या, कावेरीच्या म्हातारपणाचीही बाजी लावली. ते त्यांचं एकट्याचं नव्हतं.

एवढं सगळं शिकून मी जी गोष्ट उसवायला बसले ती कुणा लेखकाची नाही. ती आमच्या नदीतली आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरं लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करतात त्याच दिवशी, पांढुर्ण्याला गोटमार असते. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा. पांढुर्ण्याचे लोक ते तोडून आणायला बघतात, सावरगावचे अडवतात, आणि दोन्हीकडून दगड. शेवटी ते झाड चंडीमातेच्या देवळात जातं. दर वर्षी शेकडो माणसं जखमी होतात, काही वर्षी माणसं मेलीही आहेत. बंदी झाली, जमावबंदी झाली, मध्यंतरी दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी पुन्हा दगडच उचलले. मेल्याचा आणि डोळा गेल्याचा हिशेब ज्यांनी करायचा ते करतात. मी गोष्टीबद्दल बोलते.

गोटमार कशी सुरू झाली ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी, दोघांचं प्रेम. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तो तिला घेऊन नदी ओलांडत होता. पूल नव्हता, पाणी गळ्यापर्यंत, कुणी म्हणतं त्यानं तिला पाठीवर घेतलं होतं. सावरगावच्यांना कळलं, त्यांनी दगड मारले. पांढुर्ण्याच्यांना कळलं, त्यांनी उलट दगड मारले. दोघं मधल्या मधे मेली. मग दोन्ही गावांना वाईट वाटलं. दुसरीही एक गोष्ट सांगतात, किल्ल्याची आणि भोसल्यांच्या सैन्यावर दगड फेकून लढल्याची. पण ती कुणी रंगवून सांगत नाही. तिच्यात कोण का लढलं हे उघड आहे, विचारायला काही उरत नाही. पहिल्या गोष्टीत ना कुणाचं नाव आहे ना कुणाचा हेतू. म्हणून जो सांगतो तो आपल्याजवळचा हेतू तिच्यात भरतो. सावरगावचा म्हणतो, पोट्टी पळवून नेली. पांढुर्ण्याचा म्हणतो, ती राजीखुशीनं आली. दोघंही तिथं हजर असल्यासारखे भांडतात.

तिगाव दोन्ही काठांवर नाही. आमच्या गावात दोन्हीकडच्या लेकी सुना म्हणून आल्या आहेत. तर एका पोळ्याला आम्ही ठरवलं, ऐकीव सोडायचं आणि गोष्टीत जेवढं आहे तेवढ्यावरच बोलायचं.

पहिली गोष्ट दिवस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची पहाटच का? पोळ्याच्या रात्री घरोघर पुरणपोळी, बैलांची पूजा, गडीमाणसं दमून नाहीतर पिऊन झोपलेली. गाव वर्षातून इतकं गाढ क्वचित झोपतं. म्हणजे दिवस निवडलेला होता. आणि तो निवडायला घरात कोण कधी झोपतं हे माहीत असणारं माणूस हवं. ते पोराला काठावरून कळत नाही, पोरीला कळतं. इथं 'पळवून नेली' गळून पडलं. सावरगावची सून जरा रागावली, पण तिला तोड सुचली नाही.

दुसरी गोष्ट पाणी. भाद्रपदाच्या तोंडावर नदीला गळ्याएवढं पाणी. दोन महिने थांबली असती तर गुडघ्यावर आलं असतं. "वाट पाह्यली असती तं का झालं असतं?" एकीनं विचारलं. लग्न ठरत होतं म्हणावं, तर चातुर्मासात लग्नं लागत नाहीत. तुळशीच्या लग्नापर्यंत धोका नव्हता. मग घाई कसली? कुणी बोललं नाही. सगळ्यांच्या मनात एकच आलं होतं, आणि ते उच्चारल्याशिवायच पुढे गेलं. त्या पोरीकडे दोन महिने नव्हते.

तिसरी गोष्ट सोबती. काही जण सांगतात की तो मित्रांना घेऊन गेला होता. मग दगड सुरू झाल्यावर ते मित्र गोष्टीतून नाहीसे कसे होतात? सांगणारा त्यांना परत आणत नाही. काठावर पोचले असतील, की पळाले असतील? आमच्या दुकानानं त्यांना माफ केलं नाही. मी केलं थोडंसं. गोष्ट सांगणाऱ्यांमध्ये त्यांचेच नातूपणतू असतील तर ते तरी आजोबाची फजिती कशाला सांगतील?

आता दगड. सावरगावचा पहिला दगड कुणावर होता? पोरगी त्याच्या पाठीवर. त्याला मारायचं तर तिला लागणार. म्हणजे मारणाऱ्याला एकतर तिची पर्वा नव्हती, किंवा लागेल हे त्याला सुचलं नाही. यात पहिलं जास्त वाईट म्हणावं तर दुसऱ्यानंही ती मेलीच. आणि पांढुर्ण्याचे? ते आपल्या पोराला वाचवायला आले, असं ते अभिमानानं सांगतात. मी इथं मशिन थांबवली. वाचवायचं होतं तर दगड कशाला? त्यांचे दगड सावरगावच्या काठापर्यंत जाताना वाटेत तीच दोघं होती. दोन्ही काठांना शेकडो माणसं, त्यांतली कित्येक पोहणारी, आणि मधे गळाभर पाणी. पाण्यात कुणी उतरलं नाही. दगड उचलायला वाकता येतं, तर काठ उतरताही आला असता. सावरगावचे रागानं आंधळे होते असं म्हणू. पांढुर्ण्याचे तर प्रेमानं आले होते ना? पण समोरून दगड दिसला आणि वाचवायचं बाजूला राहिलं, जिंकायचं सुरू झालं. त्यांचा हेतू कुठल्या घडीला बदलला हे त्यांना स्वतःलाही कळलं नसावं.

दर वर्षी गोटमारीला जाणारा एक मुलगा माझ्याकडे शर्टाला बटनं लावून घ्यायला येतो. त्याला मी हे ऐकवलं. तो म्हणाला, "काकू, तुमी लई खोलात जाता. आमी चंडीसाठी जातो." सबब की हेतू, मी विचारलं नाही. कपाळावर टाके पडलेत त्याच्या, सात.

हे सगळं झालं तेव्हा एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. माहेर सावरगावचं, सत्तरीची, मोतीबिंदू काढलेला. दोन तास ती काही बोलली नव्हती. तिचं झंपर मी तिच्या हातात दिलं तेव्हा म्हणाली, "तुमी समदे बापाचं, भावाचं, गावाचं बोलून राह्यल्या. मायचं कोनीच नाही बोललं."

खरंच, गोष्टीत आईच नाही.

"मायले माहीत असन," म्हातारी म्हणाली. "पोट्टी पोळ्याच्या रातच्याला कोनतं लुगडं काढून ठेवते, ते मायले दिसते. पळाचं असन तं नवं नाही काढत, पाण्यानं जड होते. जुनं काढते. पोळ्याच्या दिवशी जुनं लुगडं काऊन काढलं, हे मायनं नसन का पाह्यलं? पाह्यलं असन. आन् निजली असन, तोंड फिरवून."

कुणीतरी विचारलं, मग सकाळी गावाला सांगितलं कोणी?

म्हातारीनं त्याचं उत्तर दिलं नाही. झंपर उलटं करून तिनं आतली शिवण बोटानं चाचपून पाहिली, आणि बाहीत अर्धा इंच ढिलं कर म्हणाली.